तिसरी तार

"छत्री राहिली तुमची, लॉर्डसाहेब."

एव्हरार्ड पेलिंगने छत्री घेतली, मान हलवली आणि चार पावलं पुढे जाऊन थांबला. गेली तेवीस वर्षं सभागृहाच्या दाराशी उभा असलेला हा जेफसन त्याला ‘पेलिंगसाहेब’ म्हणत आला होता. म्हातारा दमला असेल, दिवसभर दारात उभं राहून कोणाला काय म्हणायचं ते विसरला असेल, असं एव्हरार्डने स्वतःला सांगून पाहिलं. पण जेफसन विसरणाऱ्यांतला नव्हता. साडेसहाशे सभासदांची तोंडं, टोप्या आणि खोडी त्याला पाठ होत्या. कोण कोणाशी बोलत नाही हेसुद्धा. शिवाय एव्हरार्ड आज इतका खूश होता की त्याला कोणी गाढव म्हटलं असतं तरी ते गोडच लागलं असतं, त्यामुळे तो शब्द आत पोचायला वेळ लागला. दहा मिनिटांपूर्वी त्याचं विधेयक मंजूर झालं होतं. तिसरं वाचन, खालच्या सभागृहातलं शेवटचं. बाजूने एकशे बारा, विरुद्ध एकशे अकरा. पक्षाची डोकी गोळा करून आणणं हेच ज्याचं काम तो तांबड्या मानेचा दांडगा ऑर्लेबार येऊन त्याच्या पाठीत अशी थाप घालून गेला होता की तिथे अजून चुणचुणत होतं. "एका मताने, लेका! एका मताने! तेवीस वर्षं नुसतं बाक झिजवलंस, आज ते सत्कारणी लागलं बघ!" आणि एव्हरार्ड, चोपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, आयुष्यात कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला एव्हरार्ड, शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा लाजला होता.

तो मागे वळला. "काय म्हणालास मला आत्ता?"

"चुकलं साहेब. जीभ घसरली."

"तुझी जीभ आजवर कधी घसरली नाही, जेफसन."

जेफसनने काळ्या कोटाच्या आत हात घातला आणि तीन पाकिटं काढली. ती तो छातीशी धरून उभा राहिला. "तुम्हीच सांगितलं होतं, साहेब. आज बारा वाजता आत जाताना. मतदान होईपर्यंत मला एकही कागद द्यायचा नाही, मग तो कोणाचाही असो. मी म्हटलं, घरचा असला तर? तुम्ही म्हणालात, घरचा असला तरी." त्याने पाकिटं पुढे केली. "एक साडेबाराला आली, एक तीनला, वरची पावणेपाचला. मग काही आलं नाही. तीस वर्षं तारा वाटतोय मी इथे. घरात कोणी आजारी असलं की तारेवर तार येते. मग थांबते. थांबली की आम्हाला समजतं. मी उघडल्या नाहीत हो. देवाशपथ नाही."

एव्हरार्डला एवढंच दिसत होतं की जेफसनच्या कोटाचं तिसरं बटण बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. कोणीतरी घाईत दुसऱ्या कोटाचं काढून लावलेलं, चार भोकांचं. ह्या बटणाकडे आपण इतकं का बघतो आहोत हे त्याला कळत नव्हतं, आणि बघणं थांबवताही येत नव्हतं. मग बोटांनी आपापलंच काम केलं, वरचं पाकीट फाडलं. बाबा आज चार वाजून वीस मिनिटांनी गेले. अगाथा. त्याने ते दोनदा वाचलं, आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट कोणती आली असेल तर ती वजाबाकी. चार वीसला गेले. मतदान सव्वापाचला. मध्ये पंचावन्न मिनिटं. वडील गेले हे नंतर आलं. किंवा आलंच नाही, दारात उभं राहिलं आणि वजाबाकीने त्याला आत येऊ दिलं नाही. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती. बहिणीची तार हातात आहे, बाप अजून पुरता गार झाला नसेल, आणि हा माणूस मिनिटं मोजतो आहे!

पण मिनिटं मोजायला त्याला शिकवलं होतं ते बापानेच. सात वर्षांचा असताना हार्सलीच्या लांबलचक जेवणाच्या टेबलाशी, मटणाची सुरी हातात धरून पाचवे लॉर्ड हार्सली म्हणाले होते, "नीट ऐक. ह्या घराण्यात एक क्षणसुद्धा लॉर्डावाचून जात नाही. मी श्वास सोडला आणि परत घेतला नाही की तू. मध्ये फट नाही. कोणी येऊन तुला मुकुट घालणार नाही, कोणी विचारणार नाही. तू जिथे असशील तिथे, जे करत असशील ते करता करता, तू लॉर्ड होशील. झोपेतसुद्धा." त्या रात्रीपासून पुढे कित्येक महिने तो लहान मुलगा उठून बापाच्या खोलीच्या दाराला कान लावत असे. आतून घोरणं ऐकू आलं की परत येऊन निजे; मध्येच घोरणं थांबलं की पुढचा श्वास येईपर्यंत तो स्वतःचाही धरून ठेवी. बाप मरेल ह्याची भीती होती की आपण बाप होऊ ह्याची, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. पुढे मोठा झाल्यावर बापानेच त्याला जवळच्या मतदारसंघातून खालच्या सभागृहात बसवला, तेव्हाही हेच बजावलं होतं. "तुझं तिथलं बसणं माझ्या नाडीवर आहे. लॉर्डाला खालच्या सभागृहात बसता येत नाही. माझी नाडी थांबली की तुझं बाक गेलं." हे तो हसत म्हणाला होता. हसताना त्याचे पिवळे लांब दात दिसत.

म्हणजे सव्वापाचला अध्यक्षांनी मतदान पुकारलं, सगळे उठले, बाजूची माणसं उजव्या दालनात आणि विरुद्धची डाव्या दालनात निघाली, दारं लागली, आणि मोजणाऱ्याने एकेकाच्या खांद्याकडे बोट करत ‘एकशे नऊ, एकशे दहा’ म्हटलं, तेव्हा त्या रांगेत एव्हरार्ड पेलिंग नावाचा सभासद नव्हताच. त्याचा कोट होता. संधिवाताचा डावा गुडघा होता. आत जो चालत होता तो सहावा लॉर्ड हार्सली, एक परका माणूस, ज्याला त्या दालनात पाऊल टाकायचा अधिकार नव्हता. तेवीस वर्षांत तो शेकडो वेळा त्या रांगेतून गेला होता, आणि त्यातल्या एकाही वेळी त्याच्या असण्या-नसण्याने काही अडलं नव्हतं. आज पहिल्यांदा अडलं, आणि आज तो नव्हता. त्याचं मत काढून घेतलं की एकशे अकरा आणि एकशे अकरा. बरोबरी झाली की अध्यक्षांनी शेवटच्या वाचनाला आपलं मत विरुद्ध टाकायचं, आहे ते आहे तसं राहू द्यायचं, ही जुनी रीत. विधेयक मेलं. ते आत्ताच मेलेलं होतं. फक्त दोनच माणसांना हे ठाऊक असू शकत होतं, त्यातला एक दाराशी उभा राहून आपल्या बुटांकडे बघत होता आणि त्याला तारेतली वेळ माहीत नव्हती. अध्यक्ष अजून आत बसलेले होते. बुधवारी सभागृह सहाला उठतं. एक वाक्य बोललं की पुरे होतं.

त्याने दुसरं पाकीट उघडलं ते का, हे त्याला सांगता आलं नसतं. लगेच ये. तुझं नाव घेतात. मग तिसरं, म्हणजे खरं पहिलं. बाबा आज बरे. उठून बसले, सूप घेतलं. तुझं मतदान किती वाजता विचारतात. तो भिंतीला टेकला. उलटीकडून वाचत गेल्यामुळे त्याच्या हातात म्हातारा आधी मेला होता, मग त्याला हाका मारत होता, आणि आता गादीवर उठून बसून, ओठाला सूप लागलेलं, डोळे मिचकावत वेळ विचारत होता. मतदान किती वाजता? का विचारलं असेल? शहाऐंशी वर्षांच्या त्या माणसाला कायदा पाठ होता. ह्या विधेयकाला तो पहिल्यापासून विरुद्ध. नाताळात भर पंगतीत म्हणाला होता, "शिशाच्या कारखान्यातून बायकांना बाहेर काढतोस, शाबास! मग त्या खातील काय, तुझं विधेयक?" आणि पाहुणे हसले होते, आणि एव्हरार्ड नेहमीप्रमाणे ताटाकडे बघत बसला होता. मग आज काय चाललं होतं त्या खोलीत? म्हाताऱ्याने वेळ विचारली ती तोवर तग धरायला? मुलाने एकदा, एकदाच काही हातात घेतलंय, तर निदान आपण आड येऊ नये म्हणून पलंगाची कड घट्ट धरून बसला होता का तो? की वेळ कळल्यावर शांतपणे डोळे मिटून त्याने मतदानाच्या अलीकडची वेळ निवडली? दोन्ही त्याच्या स्वभावात बसत होतं. हे आता कधीच कळणार नव्हतं. विचारायला गेलं पाहिजे होतं काल. अगाथाने सोमवारीच लिहिलं होतं की ये, आणि ह्याने लिहिलं होतं, बुधवारी संध्याकाळच्या गाडीने निघतो.

आणि कागद द्यायचा नाही, घरचा असला तरी, असं जेफसनला कोणी सांगितलं? असा हुकूम त्याने तेवीस वर्षांत कधी दिला नव्हता. आज सकाळी दाढी करताना त्याला तो सुचला होता, आणि सुचल्यावर वस्तरा गळ्याशी क्षणभर थांबला होता. तेव्हा वाटलं, भाषणात व्यत्यय नको म्हणून. खोटं. साफ खोटं. कोणता कागद येणार हे त्याला माहीत होतं. तो आला तर वाचावा लागेल हेही माहीत होतं. न वाचलेल्या कागदाचं पाप लागत नाही, असा काहीतरी हिशेब त्याच्यातल्या भित्र्या माणसाने परस्पर करून टाकला होता, आणि त्याला स्वतःलाही पत्ता लागू दिला नव्हता.

"साहेब! पेलिंगसाहेब कुठे आहेत?"

बायकांच्या सज्जाकडून येणाऱ्या जिन्याच्या तळाशी डॉर्कस क्रेल उभी होती. बरोबर आलेल्या मिशनच्या बाईंनी तिचा दंड धरला होता. डॉर्कस एकतीस वर्षांची, न्यूकॅसलची. पांढरं शिसं जिथे वाळवतात त्या खोल्यांत नऊ वर्षं डोक्यावरून तबकं वाहून नेलेली. आधी पोटात कळा, मग आकड्या, मग एका सकाळी उठली तर दिसेना. दोन वर्षांपूर्वी समितीपुढे साक्ष द्यायला आली तेव्हा तिने हात लावून खुर्ची चाचपली होती आणि म्हणाली होती, "तुम्ही कोणी दिसत नाही मला, पण खुर्च्या झकास आहेत." सगळे हसले, एव्हरार्डला हसता आलं नव्हतं. त्या दिवसापासून तो माणूस कामाला लागला. लोक म्हणत, पेलिंगच्या अंगात आलंय.

"इकडे, डॉर्कस."

तिने आवाजाच्या रोखाने दोन्ही हात पुढे केले आणि त्याचा हात पकडला. "एकाने ना? एका मताने! त्या जाळीमागे बसलेल्या बड्या बाया कुरकुरत होत्या, खालचं काही दिसत नाही म्हणून. मी म्हटलं, मला काय फरक पडतोय! आकडा ऐकला आणि मी त्या बाईंना मिठीच मारली. त्यांची टोपी पडली वाटतं." मग तिचं हसू थांबलं. "हात असा गार का पडलाय तुमचा?"

"माझे वडील गेले."

"अरे देवा! केव्हा?"

‘आत्ता’ म्हणता आलं असतं. पण ती न दिसणाऱ्या डोळ्यांचा चेहरा वर करून इतकी जवळ उभी होती, की त्याने सगळं सांगून टाकलं. चार वीस, सव्वापाच, बाप आणि बाक, बरोबरी आणि अध्यक्षांची रीत. मिशनच्या बाई सभ्यपणे चार पावलं बाजूला झाल्या होत्या. डॉर्कसने एकदाही मध्ये विचारलं नाही. कारखान्यात वाढलेल्या माणसाला नियम लवकर कळतात.

"म्हणजे तुम्ही नव्हताच तिथे."

"नव्हतो."

"कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"इथे? मला. आता तुला."

"आणि तुम्ही जाऊन सांगणार."

"सांगायलाच हवं, डॉर्कस. हे असं लपवून—"

"हो, हो. सांगाल ना. तुमच्यासारखी माणसं सांगतात. त्यांना मग मोकळं वाटतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आमची बेकी सोमवारी परत कारखान्यात जाईल. माझी धाकटी. तिच्या हिरडीवर शिशाची रेघ आलीय, साहेब. मला कुठे दिसतेय, आई सांगते. निळी आहे म्हणते." तिने त्याच्या हातावर थोपटलं आणि हात सोडला. "जाऊ दे. मी काय बोलतेय तुमच्यापुढे! तुमचे वडील गेलेत. तुम्ही आधी रडून तरी घ्या."

मिशनच्या बाई तिला घेऊन गेल्या. त्यांना उत्तरेकडची गाडी गाठायची होती. एव्हरार्ड सभागृहाच्या दाराकडे वळला. त्याला येताना पाहून जेफसनने सवयीने दाराचं एक पान उघडलं. आतून कोणा एकाच्या कंटाळवाण्या भाषणाचा आवाज आला, कसल्याशा कालव्याबद्दल. हिरवी बाकं दिसली, त्यावर आडवेतिडवे पसरलेले पाय दिसले, आणि लांब टोकाला अध्यक्षांचा विग, किंचित कलता झालेला. चार वीसपासून ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. कबुली द्यायला तरी टाकता येईल का? बाहेरूनच चिठ्ठी पाठवावी लागेल, परक्या माणसासारखी. ती चिठ्ठी लिहायला पाच मिनिटं पुरतील. मग लोक म्हणतील, पेलिंग, नव्हे, हार्सली, काय सरळ माणूस! आपलंच विधेयक आपल्या हाताने बुडवलं बिचाऱ्याने. ऑर्लेबार कपाळाला हात लावेल आणि जेवताना चार जणांना सांगेल. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं अखेर काहीतरी होईल. आयुष्यभर त्याने खोटं बोलून काही मिळवलं नव्हतं. खरं बोलूनही नव्हतं. त्याला एकाएकी त्या सरळ माणसाची शिसारी आली.

"आत जायचंय, साहेब?" जेफसनने हळूच विचारलं. ह्या वेळी त्याने ‘साहेब’ शब्द जपून उच्चारला.

"नाही. लाव दार."

तार ऑफिसची खिडकी समोरच होती. त्याने कागद ओढला. आतापर्यंत हार्सलीच्या देवळात घंटा वाजून गेली असेल, वयाच्या वर्षाला एक असे शहाऐंशी टोले, आणि शेतातल्या माणसांनी ते मोजले असतील. पोस्टातल्या मिस गूचने ती तार स्वतःच्या हाताने पाठवली होती. डॉक्टर होता, नोकर होते, अगाथा होती. अख्ख्या गावाने चार वीसचे सहा करायला हवेत. करतील. पेलिंग घराण्याच्या काय थोड्या गोष्टी ह्या गावाने गिळल्यात! बापाच्या आणि आज्याच्या तर कितीतरी. ह्याची एकही नव्हती गिळायला, ही पहिली. अगाथाला दोन शब्द पुरतील. ती विचारणार नाही, पण आयुष्यभर मनात ठेवील की जो माणूस बापाच्या मरणाला आला नाही, त्याने मरणाची वेळसुद्धा आपल्या सोयीने लावून घेतली. थडग्यावर नुसती तारीख घालतात, वेळ नाही, असा एक विचार येऊन गेला. लाज वाटत होती आणि हात लिहीत होता. बाबा सहा वाजता गेल्याची तार पोचली. निघतो. एव्हरार्ड.

कारकुनाने कागद घेतला. शाई लागलेलं बोट एकेका शब्दावर ठेवत त्याने शब्द मोजले, मग तो थांबला. मान वळवून त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"माफ करा साहेब," तो म्हणाला, "पण सहा वाजायला अजून सात मिनिटं आहेत."

एव्हरार्डने घड्याळाकडे पाहिलं. होती. सात मिनिटं होती. तो इतका नवशिका लबाड होता की बाप मेला असं त्याने लिहून दिलं होतं आणि बापाला अजून सात मिनिटं आयुष्य होतं.

"मग थांबतो मी," तो म्हणाला.

कारकुनाने कागद बाजूला ठेवला, त्यावर पितळेचं वजन ठेवलं आणि दुसरं काम ओढलं. एव्हरार्डने टोपी काढली. दोन सभासद हसत गेले, त्यातल्या एकाने त्याला अभिनंदन म्हटलं, त्याने मान लववली. मग त्याला कापराचा वास आला. ओल्या कुत्र्याचा वास आला, कारण म्हाताऱ्याच्या खोलीत कुत्री असत आणि अगाथाचं कोणी ऐकत नसे. पलंगाशेजारी ती बुटकी खुर्ची होती, तिच्यावर बसलं की गुडघे वर येत. तो बसला. गादीवर तो मोठा, हाडं निघालेला हात पडलेला होता, अंगठीच्या मागे सुतळी गुंडाळलेली, बोट बारीक झाल्यामुळे. हा हात शेवटी कधी धरला होता ते आठवेना. बहुधा कधीच नाही. आता धरला. किती वाजले, म्हाताऱ्याने विचारलं. पाच चोपन्न, बाबा. झालं का तुझं? झालं. एका मताने. ह्यावर म्हातारा काय म्हणाला असता? एव्हरार्डने खूप कान दिला, पण ते काही केल्या ऐकू येईना. नुसता श्वास ऐकू येत होता, घोगरा, मध्ये मध्ये अडणारा, आणि तो अडला की एव्हरार्ड स्वतःचाही धरून ठेवत होता. धरा बाबा. थोडं धरा. पाच छप्पन्न झाले. तुम्हाला नसेल धरायचं, माहीत आहे मला, पण धरा. त्याच्या गालावरून काहीतरी ओघळून कॉलरमध्ये जात होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, एका हातात टोपी होती आणि दुसऱ्यात बापाचा हात होता. कारकून मान खाली घालून लिहीत राहिला. पाच अठ्ठावन्न. पाच एकोणसाठ.

वरच्या मनोऱ्यात पहिला ठोका पडला. खिडकीची काच बारीक थरथरली. त्याने सगळे सहा ठोके मोजले आणि शेवटचा पुरता विरून जाईपर्यंत बोटं सोडली नाहीत.

"गेले," तो कारकुनाला म्हणाला. "आता पाठवा."